नसलेल्या सिमचं रिचार्ज

निफाड तालुक्यात, कादवेच्या अंगाला आमची साडेचार एकर द्राक्षबाग. त्यातली दीड एकर तळाला, नदीकडच्या खोलगटात. हे खोलगट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दोन हंगामांपूर्वी, ऑक्टोबर छाटणीची तयारी चालू असताना हवामान यंत्र विकणारा एक जण मळ्यात आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात टॅब, बोलणं आपल्यातलंच. "काका, डावणीला तारीख बघून फवारता की पान बघून?" पहिलाच प्रश्न असा विचारल्यावर कोणीही खाट पुढे सरकवणारच.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर-घडांवर येणारा बुरशीचा रोग. पान किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळी तापमान काय होतं, ह्यावर तो ठरतो. पोंग्यापासून, म्हणजे नवा कोंब फुटल्यापासून, फुलोऱ्यापर्यंतचा एखादा पाऊस हिशेबातून सुटला की घड हातचे जातात. आमच्या पट्ट्यात बऱ्याच बागांत हवामान यंत्रं आहेत, चांगली चालतात, त्यांचे मालक हंगामाला दोन-चार फवारे वाचवतात. ते बघूनच मी भुललो. यंत्र ३८,००० रुपये, सर्व्हरचे वर्षाला २,४००, आतल्या सिमच्या रिचार्जचे १,८००. "अनुदानात बसतं, पण आधी पूर्ण रक्कम भरलेली पावती लागते," हेही त्याने सांगितलं. पैसे कंपनीच्या खात्यावर न मागता स्वतःच्या मोबाईल नंबरवर मागितले. "खातं अपडेट होतंय काका." मी पाठवले. बायको म्हणालीसुद्धा, की हा माणूस चहा न पिता पैशाचीच घाई करतोय.

दुसऱ्या दिवशी एक पोरगा आला. मोटारीच्या खोलीच्या पत्र्याला खेटून पाइप गाडला, वर पांढरा डबा, छोटं सोलर, पर्जन्यमापकाचं नरसाळं, आणि वेलीत पानासारखी एक हिरवी पट्टी टांगली, सोनेरी रेघांची. पत्रा दुपारी तापतो, तापमान मोजणारं यंत्र त्याला चिकटून कसं, हे मला तेव्हा सुचलं नाही. डब्यावर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. माझ्या मोबाईलमध्ये ॲप टाकून त्याने गट नंबर आणि पिन कोड भरायला लावला. मी विचारलं, यंत्र तर इथेच आहे, पिन कोड कशाला? "सर्व्हरला लोकेशन लागतं." मी मान हलवली.

दोन महिने सगळं गोड चाललं. सकाळी ॲपमध्ये तापमान, आर्द्रता, पानावरचा ओलावा. नोव्हेंबरात अवकाळी झाला तेव्हा ९.४ मिलिमीटर दाखवला, अंगणातल्या बादलीकडे बघून वाटलं, असेल तेवढा. फवारे ॲपच्याच सांगण्यावर केले.

मग थंडी आली. मण्यात पाणी भरलेलं असताना पहाटे कडक गारठा आणि वर ऊन चढलं की मणी तडकतात. आमच्याकडे त्यावर उपाय ठरलेला : विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून पहाटे ठिबक सोडायचं आणि बांधाला शेकोट्या पेटवायच्या. पण रोज रात्री जागणार कोण? पारा आठच्या खाली गेला की फोन वाजेल, अशी सोय ॲपमध्ये होती. मी निवांत झोपलो. फोन वाजला नाही. साडेसहाला उठून बघितलं तर स्क्रीनवर ११.६. तळच्या तुकड्यात गेलो आणि बांधावरचं गवत चपलेखाली करकरलं. दव गोठलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आला, तो माझ्या मोबाईलपेक्षा सहा अंशांनी खाली. तिसऱ्या दिवशी तळच्या दीड एकरात मणी तडकायला लागले. ज्या व्यापाऱ्याशी बोलणी झाली होती तो बागेत आला, दोन घड हातात फिरवून बघितले आणि गाडीत जाऊन बसला. तो माल शेवटी मिळेल त्या भावात गेला.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "काका, तुमचं मायक्रो क्लायमेट वेगळं आहे." म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरतं हवामान. आता गार हवा जड असते, रात्री उतरून खोलगटात साचते, त्यामुळे माझ्या तळाला कुंदेवाडीपेक्षा उलट जास्त थंड असायला हवं. हे कळायला मला चार दिवस लागले. त्या क्षणी मात्र मी "हो, बरोबर आहे" म्हणालो. समोरचा इंग्रजी शब्द वापरतोय म्हटल्यावर आपण फार लवकर माघार घेतो.

खरा प्रकार कळला तो चहाच्या टपरीवर. तात्यांनीही त्याच माणसाकडून यंत्र घेतलेलं. त्यांची बाग माझ्यापासून पाच किलोमीटरवर, वर माळाला. बोलता बोलता त्यांनी मोबाईल काढला. आत्ताचं तापमान २७.३, माझ्याकडे २७.३. आर्द्रता ४१, माझी ४१. मग मागे गेलो. नोव्हेंबरचा पाऊस, ९.४. आता अवकाळी पाऊस म्हणजे रस्त्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे फुफाटा. पाच किलोमीटरवर दशांशापर्यंत सारखा? तात्या म्हणाले, "आपलं पोस्ट एक आहे रे." पिन कोड!

संध्याकाळी भाच्याला बोलावलं, तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतोय. आधी नरसाळं उघडलं. आत एक छोटी झुलणारी डबी असते, ठरलेलं पाणी भरलं की कलंडते, आणि कलंडण्याच्या मोजणीवरून पाऊस ठरतो. आमच्या डबीवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, चांगलं वाळून टणक झालेलं. डबी हलतच नव्हती. मग पांढरा डबा उघडला. नरसाळ्याची वायर, पट्टीची वायर, तापमानाची वायर अशा तिन्ही वायरी रबरी बुचातून आत आलेल्या आणि आत दोन बोटांवर कापलेल्या. टोकं ग्लूगनच्या डिंकाने डब्याच्या तळाला चिकटवलेली, कशालाच न जोडता. एक बॅटरी, एक सर्किट, त्यावर तो हिरवा दिवा. सर्किटवर सिमची खाच होती, तिच्यात सिम नव्हतं.

भाच्याने ॲपमधले आकडे इंटरनेटवरच्या फुकट हवामान अंदाजाशी ताडून बघितले. तेच. अंदाज काही किलोमीटरच्या चौकटीचा एकच असतो, त्याला माझा खोलगट तुकडा दिसत नाही. एरवी तो खऱ्याच्या आसपास असतो, म्हणून तर मला एवढे दिवस संशय आला नाही. नेमक्या ज्या रात्री शेतातला आकडा हवा होता, त्या रात्री तो चुकला.

ज्यांना असं यंत्र बसवायचं आहे त्यांनी बसवणाऱ्याला तिथेच थांबवून घ्या. पर्जन्यमापकाच्या तोंडाचा व्यास मोजा. २० सेंटीमीटर असेल तर ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे बरोबर १० मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने मोजून हळूहळू ओता आणि ॲपमध्ये बघा. तापमानाच्या सेन्सरभोवती ओलं फडकं गुंडाळा, आकडा उतरलाच पाहिजे. पानाच्या पट्टीवर पाणी शिंपडा. खरी यंत्रंही दहा-पंधरा मिनिटांनी, कधी तासाने माहिती पाठवतात, तेव्हा "थांबा, येईल" हे उत्तर खोटंच असेल असं नाही. पण मग त्यालाही थांबवा, दुसरा चहा ठेवा. सिम कोणाच्या नावावर आहे ते विचारा आणि डबा उघडून दाखवायला सांगा. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर मिनिटभरात तपासता येतो. मी फसल्यावर तपासला. तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या, दुसऱ्याच धंद्याचा निघाला.

त्या माणसाचा फोन आता बंद लागतो. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पत्त्यावर कंपनीच नसल्याने ती तिथेच अडली. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पैसे पाठवल्याची नोंद, बिल, बसवताना काढलेले फोटो आणि तात्यांच्या-माझ्या मोबाईलचे स्क्रीनशॉट जोडलेत. प्रकरण चालू आहे, म्हणून इथे नाव लिहीत नाही. अनुदानाचं विचाराल तर कृषी सहायकाने बिल हातात घेऊन फक्त माझ्याकडे बघितलं.

डबा सध्या घरात गव्हाच्या कोठीवर आहे, बॅटरी काढून, पुरावा म्हणून पिशवीत बांधलेला. आज पहाटे साडेपाचला मोबाईल वाजला : "आपल्या बागेत पानांवरील ओलावा ८७ टक्के. डावणीचा धोका मध्यम."