ट्रीट, टग आणि क्लिकर: कित्येक महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझ्या कुत्रीला, चिकूला, शिकवायला सुरुवात केली तेव्हापासून ट्रीट (बक्षिसाचा खाऊ), टग (कुत्र्यासोबत ओढाओढी खेळायचं खेळणं) आणि क्लिकर (दाबला की ‘क्लिक’ वाजणारी छोटी डबी) या तिन्ही गोष्टी रोजच्या वापरात आहेत, त्यामुळे आता सविस्तर लिहायला हरकत नाही. ट्रीट चांगली की खेळणं, असं बरेच जण विचारतात. माझं मत ठाम आहे: दोन्ही लागतात, पण कामं वेगळी. जिथे कुत्र्याने शांत राहायला हवं तिथे खाऊ, आणि जिथे जीव तोडून धावत यायला हवं तिथे खेळणं.

ट्रीट वाटाण्याएवढी पुरते. तुकडा केवढा होता यापेक्षा तो किती वेळा मिळाला, याला कुत्र्याच्या लेखी जास्त किंमत असते. मऊ ट्रीटच घ्या. कडक बिस्किट दिलं की चिकू ते चावत बसते, मग जमिनीवरचा चुरा हुंगते आणि शिकवण्याची लय तुटते. घरात तिच्या जेवणातले दाणेच चालतात. बाहेर, जिथे दुसरी कुत्री आणि शंभर वास असतात, तिथे उकडलेलं बिनमिठाचं चिकन लागतं. दिवसभराच्या ट्रीट्स एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, असं पशुवैद्य सांगतात. तेवढं जेवण मी कमी करते. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा, लसूण अजिबात नको. पीनट बटर देणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याला विषारी आहे.

ट्रीट पाउच कमरेला मागच्या बाजूला लावते. यामागे कारण आहे. हात आधी पाउचमध्ये गेला की कुत्रं आपला शब्द ऐकत नाही, हाताकडे बघतं. त्यामुळे क्रम असा: शब्द, तिची कृती, क्लिक, आणि मगच हात पाउचकडे. खाऊ आधी दाखवला की ते आमिष झालं. नवीन गोष्ट शिकवताना सुरुवातीला आमिष चालतं, पण ते लवकर बंद करायचं.

क्लिकरचं काम एवढंच, की नेमकं काय बरोबर केलं तो क्षण टिपायचा. डॉल्फिन हवेत उडी मारत असताना त्याच्या तोंडात मासा देता येत नाही, म्हणून तिथे शिट्टी वापरतात. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी हेच तत्त्व 1990 च्या दशकात कुत्रे पाळणाऱ्यांमध्ये रुजवलं. प्रत्येक क्लिकनंतर बक्षीस द्यायचंच, नाहीतर त्या आवाजाला अर्थ उरत नाही.

बक्षीस कुठे देतो याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि मला तर हीच सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ‘थांब’ सांगून लांबून ट्रीट दाखवली तर कुत्रं उठून येणारच. मी चिकूपाशी परत जाते आणि ट्रीट तिच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये ठेवते. ती मान खाली घालून खाते, कोपरं जमिनीलाच टेकलेली राहतात. सोबत चालताना ट्रीट माझ्या डाव्या मांडीला चिकटवून देते, त्यामुळे ती आपोआप तिथेच चालते.

आता टग. टग कुत्र्याच्या तोंडासमोर नाचवू नका, ते मागे सरकतं. शिकार पळते तसा तो जमिनीवरून तिच्यापासून दूर ओढा. ‘ये’ म्हटल्यावर चिकू वळते तेव्हा मी टग घेऊन उलट दिशेला पळते, आणि ती कान मागे टाकून सुसाट येते. चिकनसाठी ती येते, पण अशी येत नाही. स्फोटकं हुंगून शोधणारी कितीतरी कुत्री एका चेंडूसाठी काम करतात, हे तिला बघून पटतं. ‘सोड’ म्हणताना ओढाओढी थांबवून टग मांडीला घट्ट धरायचा. तो निर्जीव झाला की जबडा सैल पडतो. लगेच ‘घे’ म्हणून खेळ पुन्हा सुरू करायचा, म्हणजे सोडल्याने काही गमावत नाही हे तिला कळतं. खेळ झाला की टग कपाटात. घरभर पडून राहिलेल्या खेळण्याचं बक्षीस होत नाही.

तोटेही आहेत. टगनंतर चिकू इतकी तापते, की लगेच ‘बस’ जमत नाही. म्हणून शेवटी गवतात मूठभर दाणे पसरते. हुंगता हुंगता ती निवते. दोरीच्या टगचे धागे सुटू लागले की फेकून द्या, गिळले तर आतड्यात अडकतात. टेनिस बॉलच्या खरखरीत आवरणाने दात झिजतात, तो चघळायला देऊ नका. खेळण्यावरून गुरगुरणाऱ्या कुत्र्यासोबत टग सुरू करण्याआधी जाणकार ट्रेनरला दाखवा.

आणि एक बक्षीस विकत मिळत नाही. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये मांडलं, की मनापासून आवडणारी कृती ही कमी आवडीच्या कृतीचं बक्षीस ठरू शकते. चार पावलं पट्टा न ताणता चालली की मी ‘जा’ म्हणते आणि तिला झाड हुंगू देते. फिरायला जाताना आता ट्रीट क्वचितच लागते. बोलावल्यावर आली तर मात्र मी तिला रिकामी पाठवत नाही, आजही नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी पाउच आणि एक लांब टग घ्यावा. क्लिकर मिळेपर्यंत दर वेळी त्याच सुरात म्हटलेला एकच छोटा शब्द चालतो.