बोस्नियात एकच दिवस उरलाय: त्येन्तिश्ते की म्राकोवित्सा?

युगोस्लाव्हियाच्या काळातली काँक्रीटची युद्धस्मारकं बघायचीच, असं डोक्यात घेऊन बोस्नियाला जाणारा माणूस शेवटी या दोन नावांवर येऊन अडतो. दोन्ही डोंगरात, दोन्ही राष्ट्रीय उद्यानात, आणि दोन्ही दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात सापडलेल्या पार्टिझान सैनिकांची, म्हणजे टिटोंच्या नेतृत्वाखाली जर्मनांशी लढणाऱ्या गनिमांची. पण त्येन्तिश्ते देशाच्या आग्नेयेला, म्राकोवित्सा वायव्येला. एका दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट धरलात तर फक्त गाडीची काच बघून परत याल.

फोटोवरून ठरवणार असाल तर त्येन्तिश्तेच जिंकणार. 1943 च्या मे-जूनमध्ये सुत्येस्का नदीच्या खोऱ्यात जर्मन आणि त्यांच्या साथीदारांनी सुमारे 22,000 पार्टिझानांना कोंडलं. वेढा फोडून ते निसटले, पण सात हजारांहून अधिक माणसं गेली. स्वतः टिटो जखमी झाले. शिल्पकार मिओद्राग झिव्कोविच यांनी 1971 साली नेमका तो निसटण्याचा क्षण उभा केला: समोरासमोर 19 मीटर उंचीचे दोन काँक्रीटचे पंख, मधे एक फट, आणि आपली वाट त्या फटीतूनच वर जाते. खालून ते दोन अवजड खडक वाटतात. पार होऊन वरून मागे वळून पाहिलंत की त्याच खडकांना पिसं फुटलेली दिसतात. त्यामुळे पायऱ्या चढायचा कंटाळा करून खालूनच सेल्फी काढून परतणाऱ्यांनी अर्धं स्मारक पाहिलेलंच नसतं. पायथ्याशी 3,301 जणांच्या अस्थी आहेत, हेही त्या सेल्फीत येत नाही.

म्राकोवित्साचं तसं नाही. कोझारा डोंगरावर, सुमारे 800 मीटर उंचीवर, दुशान जामोन्या यांनी 1972 मध्ये उभारलेला हा 33 मीटरचा स्तंभ लांबून जरा कारखान्याच्या धुराड्यासारखाच दिसतो. खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत निराशाच होते. जवळ गेल्यावर कळतं की तो एकसंध नाही. वीस उभे खांब गोलाकार रचलेत, आणि त्यांच्या मधल्या फटी जेमतेम माणूस जाईल एवढ्या. पाठीवरची सॅक काढायची, अंग आडवं करायचं, श्वास आत ओढायचा आणि शिरायचं. दोन्ही बाजूंनी गार, खरखरीत काँक्रीट घासत जातं. आत एकदम अंधार. उजेड येतो तो फक्त फटींमधून आणि वरून. बाहेरचे आवाज दूर जातात, आपल्याच बुटांचा आवाज मोठा होतो. वेढ्यात सापडणं म्हणजे काय, हे त्येन्तिश्ते डोळ्यांना दाखवतं, इथे ते बरगड्यांना कळतं. ज्याला बंद जागेची भीती आहे त्याने मात्र बाहेरच थांबावं, त्यात कमीपणा काही नाही.

स्तंभाभोवती जमिनीवर आडवे ठोकळे पसरलेत: आडवे म्हणजे घेरणारा शत्रू, उभे म्हणजे तग धरून राहिलेले, असा त्याचा अर्थ लावतात. शेजारच्या भिंतीवर 9,921 पार्टिझानांची नावं आहेत. एकाच आडनावाची माणसं ओळीने येऊ लागली की घरंच्या घरं गेल्याचं लक्षात येतं. ही नावं लढणाऱ्यांची. 1942 च्या उन्हाळ्यात कोझाराच्या खेड्यांतून हजारो साधी माणसं, बायकापोरांसकट, यासेनोवात्स आणि इतर छळछावण्यांत नेली गेली, ती या भिंतीवर नाहीत.

दोन्ही रस्त्यांवर आणखी एक युद्ध भेटतं, नव्वदच्या दशकातलं बोस्नियाचं. त्येन्तिश्तेला जाताना फोचा लागतं, म्राकोवित्साला जाताना प्रियेदोर आणि कोझारत्सचा परिसर. 1992 मध्ये फोचात काय घडलं, ओमारस्का, केराटर्म आणि त्र्नोपोल्येच्या छावण्यांत काय घडलं, ते निघण्याआधी वाचून जा. त्याशिवाय कोझारत्समधून वर चढणं मला तरी बरोबर वाटत नाही.

सोयीचं म्हणाल तर सारायेवोत मुक्काम असेल किंवा तिथून दुब्रोव्निककडे उतरायचं असेल, तर त्येन्तिश्ते. सारायेवोहून साधारण शंभर किलोमीटर, वळणावळणाचा घाट, दोन तास धरा. डोंगर चढायची हौस असेल तर तिथेच राहा, कारण बोस्नियाचं सर्वांत उंच शिखर माग्लिच (2,386 मीटर) आणि पेरुचित्साचं जुनं जंगल याच उद्यानात आहे. झाग्रेब किंवा बान्या लुकाहून येणाऱ्याने म्राकोवित्सा सोडू नये. गाडी थेट जवळपर्यंत जाते, त्यामुळे आईवडील सोबत असतील तर हेच बरं. हिवाळ्यात मात्र वर बर्फ असतो, लोक घसरगाडी घेऊन येतात.

भाड्याची गाडी दोन्हीकडे हवीच. आपल्याकडे गडाच्या पायथ्यापर्यंत एसटी तरी जाते, इथे त्या भरवशावर राहू नका.

मला एकच निवडायला लावलंत तर मी म्राकोवित्सा म्हणेन, फोटो वाईट येतात हे मान्य करून. आणि कुठेही गेलात तरी लघवीला म्हणून झाडीत शिरू नका. नव्वदच्या दशकातले सुरुंग बोस्नियाच्या डोंगरांत अजून आहेत, आणि लाल पाटीवरची कवटी शोभेसाठी लावलेली नसते.