कुडू भिंतीवर चढून आठ महिने झाले

ह्यूस्टनच्या आमच्या घरात, हॉलच्या भिंतीवर नामिबियाचा कुडू, म्हणजे पीळदार शिंगांच्या आफ्रिकन हरणाचं मुंडकं, लागून आता आठ महिने झाले. शिकारीचं वर्णन करत नाही. ओत्जिवारोंगोजवळच्या फार्मवरचे सहा दिवस झकास गेले, विषय संपला. खरा घाम फुटला तो ट्रॉफी, म्हणजे शिकारीची कातडी-शिंगं, घरी आणताना.

शेवटच्या संध्याकाळी विचारतात, ‘डिप अँड पॅक’ की इथेच माउंट, म्हणजे पेंढा भरल्यासारखं तयार मुंडकं? पहिल्या प्रकारात मीठ लावून वाळवलेली कातडी आणि उकळून साफ केलेली कवटी जंतुनाशकात बुडवून तुमच्या गावातल्या टॅक्सिडर्मिस्टकडे, म्हणजे असं मुंडकं बनवणाऱ्या कारागिराकडे, पाठवतात. दुसऱ्यात सगळं काम तिकडेच होतं. मजुरी तिकडे बरीच कमी, म्हणून मी माउंट म्हणालो आणि तिथेच फसलो. विमानाचं भाडं अशा हलक्या पण अवाढव्य मालाला वजनावर नाही, आकारमानावर लागतं. शोल्डर माउंट म्हणजे खांद्यापर्यंतचं मुंडकं, फोमच्या साच्यावर ताणलेली कातडी, भोवती खोक्यात नुसती हवा. त्या हवेचं भाडं मी भरलं. मजुरीत वाचवलेले पैसे क्रेटने, म्हणजे त्या लाकडी खोक्याने, गिळले. शिंगं काढता-घालता येतील अशी बसवून घेतली, एवढं एकच शहाणपण केलं. नाहीतर खोका अजून मोठा झाला असता.

दुसरी चूक, सोबत्याबरोबर एकाच क्रेटमध्ये माल टाकला. माझे कुडू, गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक (ही दोन्हीही तिकडची हरणंच) साइटिसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाहीत. त्याचा हार्टमन झेब्रा मात्र परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे निर्यात परवाना हवाच. परवान्यावरचा टॅग नंबर आणि कातडीवरचा टॅग जुळेना. झालं! एका झेब्र्यापायी माझी तिन्ही जनावरं गोदामात, आणि भाडं रोज चढतंय. क्लिअरिंग एजंट फोनवर गोड बोलायचा, करायचा काहीच नाही. शिकारीपासून दारात खोका येईपर्यंत चौदा महिने गेले.

आता माल कसा आहे? कुडू उघडला तेव्हा मी नुसता बघत राहिलो. मानेखालची झालर, अंगावरच्या पांढऱ्या रेघा, शिंगांचे पीळ, सगळं जिथल्या तिथे. पण तिसऱ्या महिन्यात डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली. नामिबियाच्या कोरड्या हवेत बनलेली वस्तू, इथे बाहेर घामट आणि आत एसी. कातडी आकसून मागे सरकते आणि डोळ्याभोवती आकार द्यायला खाली भरलेली माती उघडी पडते. इथल्या एका कारागिराने एपॉक्सी भरून रंग लावला. आता मला माहीत आहे म्हणून दिसते, पाहुण्यांना दिसत नाही. नाक आणि ओठ ठीक आहेत. आठवड्याला मऊ ब्रश, तोही केसांच्या दिशेनेच. कानांच्या मुळाशी टॉर्च मारून बघतो, कारण कातडी खाणाऱ्या किड्यांच्या अळ्या आधी तिथे लागतात. अजून तरी काही नाही.

आणि हो, भिंत आधी मोजा. कुडू भिंतीपासून इतका पुढे येतो की सोफा सरकवावा लागला. नुसत्या ड्रायवॉलवर, म्हणजे इथल्या जिप्समच्या पोकळ भिंतीवर, टांगू नका, आतला लाकडी स्टड (उभा वासा) शोधूनच स्क्रू मारा.

स्प्रिंगबॉकचं नुसतं कातडं घेतलं होतं. पाठीवरचा पांढऱ्या केसांचा पंखा अजून तसाच फुलतो. सगळ्यात समाधान मात्र गेम्सबॉकने दिलं. नुसती कवटी आणि दोन सरळ शिंगं. चीर नाही, कीड नाही, महिन्यातून एकदा फडकं मारलं की काम झालं. पुन्हा गेलो तर कुडूचीही कवटीच आणीन, आणि क्रेट स्वतंत्र.

बायकोचं मत विचारू नका. गणपतीला आई पुण्याहून आली होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, “अरे, बाप्पाच्या बरोब्बर समोर मेलेलं जनावर?” उतरवायचा तर शिडी आणि दोन माणसं हवीत, म्हणून चादर टाकली. चादरीतून शिंगं वर आलेली. पाच दिवस आरतीला येणारा प्रत्येक जण विचारत होता, “यंदा डेकोरेशन अर्धवट राहिलं का रे?”