सॅप की जार ऑफ फ्लाइज? आणि कोकणात रेकॉर्ड घ्यावी की सीडी?

सिएटलच्या अ‍ॅलिस इन चेन्स या रॉक बँडने मोठ्या अल्बमच्या मधल्या काळात दोन ईपी (अल्बमपेक्षा छोटे, मोजक्या गाण्यांचे संच) काढल्या. 'फेसलिफ्ट' (1990) आणि 'डर्ट' (1992) यांच्या मध्ये 'सॅप', आणि 'डर्ट'नंतर जानेवारी 1994 मध्ये 'जार ऑफ फ्लाइज'. दोन्हींत अकूस्टिक गिटारचं राज्य.

एकच घ्यायची तर 'जार ऑफ फ्लाइज' घ्या. सात गाणी, जेमतेम 31 मिनिटं, सिएटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत आठवडाभरात झालेलं काम. बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेली ही पहिली ईपी. पण घ्यायची ती 'नटशेल'साठी. मागे मोजकी गिटार, त्यावर लेन स्टॅलीचा आवाज, आणि शेवटाकडे जेरी कँट्रेलची गिटार उघडत जाते. 'आय स्टे अवे'मध्ये व्हायोलिनच्या कुळातली वाद्यं आहेत, तीही उगाच गोड न होता.

'सॅप'मध्ये मुख्य गाणी चारच, पाचवं म्हणजे वाद्यांची अदलाबदल करून केलेला दंगा. तो एकदा ऐकून पुरे. मात्र अनेक आवाजांची गुंफण तुमचा जीव की प्राण असेल, तर आधी हीच घ्या: 'हार्ट' बँडची गायिका अ‍ॅन विल्सन मुख्य गाण्यांपैकी दोनांत आहे आणि 'राइट टर्न'मध्ये 'साउंडगार्डन'चा ख्रिस कॉर्नेल व 'मडहनी'चा मार्क आर्म.

आता माध्यम. रेकॉर्डवर 'जार'ची एक बाजू साधारण पंधरा मिनिटांची होते. त्यामुळे खाचा ऐसपैस कापता येतात आणि बास दाबावा लागत नाही. अडचण आहे ती आपल्या हवेची. मिरगापासून दसऱ्यापर्यंत ओल हटत नाही. प्लॅस्टिकला ती काही करत नाही, पण कागदी पाकिटावर बुरशी धरते आणि तिथून खाचांत उतरते. जोरकस रॉकमध्ये तिची कडकड झाकली जाते, 'नटशेल'च्या सुरुवातीला मात्र प्रत्येक टिचकी ऐकू येते.

म्हणून रत्नागिरी-मालवणकडच्या बिगर-एसी घरात सीडीच बरी. रेकॉर्डच हवी असेल तर आतलं कागदी पाकीट काढून पॉलिथिनचं घाला, रेकॉर्ड उभी ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. पत्र्याखालच्या माळ्यावर नकोच, मे महिन्यात ती वाकते. खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग पालटला की बदला. बुरशी दिसलीच तर तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेनेच पुसा. मधलं लेबल भिजू देऊ नका.

किनाऱ्यालगत घर असेल आणि एका स्पीकरचा आवाज मधूनच जात असेल, तर आधी सुईला दोष देऊ नका. प्लेअर बंद करून मागच्या वायरींच्या पिना उपसून बघा. खाऱ्या हवेने त्यांवर हिरवट थर चढतो, तो पातळ असेल तर अल्कोहोलच्या बोळ्याने घासून निघतो.