पुस्तक वाचताना बिस्किट खाली ठेवलं

वाढदिवसाच्या घरात रांगतं बाळ काहीतरी चघळतंय. डॉक्टरकी शिकणारा पाहुणा निरखून बघतो: माणसाची बरगडी! आइसलँडचे लेखक आर्नाल्दुर इंद्रिदासन यांच्या 'सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह' या गुन्हेकादंबरीची ही सुरुवात. माझं चहातलं बिस्किट तिथेच राहिलं.

आइसलँडची राजधानी रेक्याविकच्या कडेला नवी वसाहत उठतेय आणि जमिनीत माणसाचा सांगाडा. पुरातत्त्ववाले माती इतकी सावकाश काढतात की इन्स्पेक्टर एर्लेन्दुरसकट आपणही वैतागतो. पण त्याच वेळात महायुद्धातली परकी छावणी, लाल करंट या बेरीची झुडपं आणि बायकोला झोडपणारा नवरा उलगडत जातात. ती पानं मला एका बैठकीत वाचवली नाहीत. एर्लेन्दुरच्या कोमातल्या मुलीचा भाग जरा ताणलाय. आइसलँडी नावांची यादी मी पेन्सिलीने मलपृष्ठावर केली! गुन्हेकथांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार, २००५चा गोल्ड डॅगर, याच कादंबरीला मिळाला.