रेसची घोडी घेताय? आधी इंडियन स्टड बुक उघडा

मुलीच्या रायडिंगसाठी रेसमधून निवृत्त झालेली घोडी बघत होते. दलालाचं पालुपद एकच: "ताई, सहा वर्षांची आहे, एकदम गरीब, कधी लंगडली नाही." इंडियन स्टड बुक म्हणजे थरोब्रेडची, रेससाठी पैदास होणाऱ्या घोड्यांच्या जातीची, जन्म-वंशाची नोंदवही. तिच्या साइटवर घोडीचं नाव टाकलं. आई, बाप, रंग, जन्मतारीख, सगळं समोर. सहा कसली, नऊ वर्षांची! थरोब्रेडचं वय १ जानेवारीला वाढतं हे मान्य, पण एकदम तीन वर्षं?

मग इंडियारेस या रेसच्या निकालांच्या साइटवर तिचे जुने निकाल चाळले. मुंबईत नियमित पळालेली, आणि पुण्याचा अख्खा पावसाळी सीझन गायब. कारण तिथे लिहिलेलं नसतं, पण डॉक्टरांना कुठल्या पायाचा एक्स-रे काढायचा हे विचारायला तेवढं पुरतं. (दलालाला विचारलं तर म्हणे "आराम दिला होता.")

नुसत्या नावावर मात्र जाऊ नका. कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे आणि मायक्रोचिपचा नंबर घोडीच्या पासपोर्टशी, म्हणजे तिच्या ओळखपत्राशी, ताडून बघा. समोर उभी तीच आहे कशावरून? स्टड बुकची साइट दिसायला जुनाट, मोबाइलवर जरा चिमटे काढत वाचावी लागते, तरी माझ्याकडून साडेचार स्टार. मारवाडी-काठियावाडी घोडे घेणाऱ्यांना इथे काही सापडणार नाही, ही वही फक्त थरोब्रेडची.