चौदा महिने आरएफआयडी वापरून: टॅग वाचला म्हणजे माल गेला, असं नसतं

आमच्याकडे लोखंडाचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग बनतात. माल प्लास्टिकच्या क्रेटमधून फिरतो: मशीन शॉप, धुलाई, तपासणी, स्टोअर, डिस्पॅच. रिकामे क्रेट ग्राहकाकडून परत येतात. पूर्वी प्रत्येक टप्प्यावर बारकोड मारायचो. शिफ्ट सुटायच्या घाईत दोन-चार क्रेट राहून जायचे आणि कॉम्प्युटरवरचा साठा प्रत्यक्ष मोजणीशी कधीच जुळायचा नाही. म्हणून चौदा महिन्यांपूर्वी क्रेटना आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे युएचएफ (अति-उच्च वारंवारतेचे) टॅग लावले, चार दारांवर ते वाचणारे रीडर बसवले, दोन हँडहेल्ड म्हणजे हातात धरायचे रीडर घेतले. स्टोअर आणि डिस्पॅच माझ्याकडे आहे, त्यामुळे याचं बरं-वाईट मी रोज पाहतो.

पहिला महिना टॅग कुठे चिकटवायचा यातच गेला. या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतूनच तो वीज घेतो आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला नंबर कळवतो. टॅगच्या पाठीला लोखंड टेकलं की हे गणित बिघडतं. आम्ही टॅग क्रेटच्या बाजूच्या भिंतीला लावले होते. रिकामा क्रेट पाच-सहा मीटरवरून वाचला जायचा, पण त्यातच शाफ्ट भरले की दारातून नेला तरी रीडर गप्प. शेवटी टॅग वरच्या काठाखाली, मालापासून बोटभर अंतर राहील असे लावले, तेव्हा भरलेले क्रेट वाचायला लागले. लोखंडी ट्रॉल्यांना धातूवर चालणारे वेगळे जाड टॅग घ्यावे लागले. पाणी तर लहरी शोषूनच घेतं, म्हणून धुलाईचा रीडर आता क्रेट वाळून बाहेर पडतात त्या बाजूला आहे.

पण खरा त्रास न वाचलेल्या टॅगने दिला नाही. नको तेव्हा वाचलेल्या टॅगने दिला. तिसऱ्या महिन्यात एका ग्राहकाचा फोन आला: चलनावर ६४ क्रेट, पोचलेत ४८. आमच्या सिस्टीममध्ये ६४ च्या ६४ गेलेले. मी त्याच भरवशावर, गाडीवाल्याने माल कुठे उतरवला का, अशी चौकशी सुरू केली. तासाभराने फोर्कलिफ्टवाल्याने मला हाताला धरून नेलं. १६ क्रेटचं ते पॅलेट डिस्पॅचच्या दारापासून तीन मीटरवर, भिंतीला लागून उभं होतं. रीडर पूर्ण ताकदीवर होता, लोखंडी शटरवरून लहरी उलटून पॅलेटपर्यंत पोचत होत्या आणि शेजारून गाडी भरताना हे क्रेटही ‘गेले’ म्हणून नोंदले गेले. रीडरला एवढंच कळतं की हा टॅग आपल्याला दिसला. तो दार ओलांडून गेला, हे आपल्याला ठरवावं लागतं. विकताना हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

त्यानंतर आम्ही ताकद कमी केली, अँटेना खाली झुकवले, दारापासून चार मीटरपर्यंत पिवळा पट्टा मारून तिथे माल ठेवणं बंद केलं. दारात प्रकाशकिरणाचा सेन्सर लावला. फोर्कलिफ्टने किरण अडवला की मगच रीडर चालू होतो. आत एक आणि बाहेर एक अशा दोन अँटेनांपैकी कोणी आधी पाहिलं, यावरून दिशा ठरते. पॅलेटवर १६ क्रेट अपेक्षित असतील आणि १५ च दिसले तर लाल दिवा लागतो आणि गाडी थांबते. एवढं केल्यावर चलनाची तक्रार आलेली नाही.

मध्येच नव्या टॅगचा एक गठ्ठा अर्ध्याच अंतरावरून वाचला जायला लागला. ते ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झसाठी जुळवलेले होते, आमचे रीडर ८६५ ते ८६७ वर चालतात. टॅग मागवताना वारंवारतेचा पट्टा लिहून द्या.

आणखी एक चूक आमचीच. तुटलेल्या टॅगऐवजी नवा लावून त्यावर जुनाच नंबर लिहायचो. एकदा तसं लिहिताना शेजारच्या क्रेटच्या टॅगवरही तोच नंबर गेला आणि एकच क्रेट दोन ठिकाणी दिसायला लागला. आता टॅग एकेक करून, बाकीच्यांपासून लांब नेऊन लिहितो आणि लगेच पासवर्डने कुलूपबंद करतो. चिपमध्ये बनवतानाच घातलेला, न बदलणारा टीआयडी नंबरही सोबत नोंदवतो.

इतकं सोसूनही मी बारकोडवर परत जाणार नाही. साठामोजणीला पूर्वी आठ जणांची पूर्ण सुट्टी जायची, आता दोघं हँडहेल्ड घेऊन दोन तासांत रॅक फिरून येतात. मागच्या महिन्यात तपासणीत एका लॉटच्या उष्णोपचारात शंका निघाली. त्यातले ११ क्रेट कुठे-कुठे गेलेत हे पडद्यावर लगेच दिसलं. दहा हाती लागले, अकरावा सापडेना. हँडहेल्ड शोधावर लावून मी रॅकमधून चालायला लागलो. टक… टक… असा आवाज एका वळणावर दाट झाला आणि सगळ्यात खालच्या फळीवर, रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागे तो निघाला. बारकोड असता तर थप्पी हलवल्याशिवाय तो दिसलाच नसता.

कूलंटच्या ड्रमांवर मात्र अजून बारकोडच आहे. आत द्रव, बाहेर पत्रा. तीन प्रकारचे टॅग लावून पाहिले, एकावरही माझा भरवसा बसला नाही.